कुंभकर्णाचा डोळा कोणाचा?

सदा, तुझ्या बाराव्याला मी पिंगुळीला आलो तेव्हा माझ्या पिशवीत स्टॅम्पपेपर होता. वर फुलं, मध्ये नारळ आणि तळाला प्लॅस्टिकच्या पाकिटात तो कागद. तू जिथे कुठे असशील तिथून तुला तो दिसलाच असणार, म्हणून मीच आधी सांगतो. लाज वाटली का, असं विचारशील. नाही वाटली. जिवंत होतास तोवर सही दिली नाहीस. मग मी आणखी काय करायचं होतं?

मांडवात बसून मी एकेकाचं तोंड बघत होतो. यातला कोण माझ्या बाटलीवरचं चित्र उचलणाऱ्या घाटावरच्या त्या कारखानदाराला ओळखतो, कोणी तुझी नि त्याची गाठ घालून दिली असेल, हेच डोक्यात. एक म्हातारा मघापासून माझ्याकडे बघून हसत होता. मला वाटलं, याला ठाऊक आहे. शेवटी तोच सरकत जवळ आला आणि म्हणाला, "तुमीच मां ते सरबतवाले? तुमचो बाटलेवरचो कुंभकर्ण आमच्या नातवाक लय आवडता." तुमचो म्हणाला. तुझ्याच मांडवात, तुझ्याच फोटोसमोर बसून. मी मान हलवली आणि पिशवी मांडीखाली सरकवली. कागद काही बाहेर काढला नाही.

तुला आठवतं ना, ओळख झाली तेव्हा ना माझी शेड होती, ना बाटल्या भरायचं यंत्र. मालवणच्या बंदरावर हातगाडी लावून मी कोकम सरबत विकायचो. किल्ल्यावर जाणारी माणसं होडीची वाट बघत उभी असायची आणि तू त्यांच्यासमोर लाकडी बाहुल्या नाचवायला बसायचास. ऊन चढलं की माझ्या गाडीच्या सावलीला यायचास. पहिल्या दिवशी सरबत मागितलंस, मी भाव सांगितला आणि तू तेवढे पैसे काढून दिलेस. घासाघीस नाही, "बर्फच जास्त आसा" अशी तक्रार नाही. मला तेव्हाच संशय आला होता. भाव न करणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. त्याच्या मनात काय आहे ते कळायला मार्गच नसतो.

मग एकदा बंदरावरच्या गाड्या हटवायला माणसं आली. मी आवाज चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा चढवला. तू उठलास, बाहुल्यांतला तो मिशीवाला पाटील काढलास आणि त्याच्याकडून साहेबांना हात जोडायला लावलेस. "सायबानू, गाडी न्हेवा, पण ह्या दत्त्याकव वांगडा न्हेवा. गाडयेबगर हो आमच्या गळ्यात पडतलो." होडीला थांबलेली सगळी माणसं हसायला लागली. साहेबही हसला. गाडी राहिली. संध्याकाळी मी तुला विचारलं, "तुझो ह्यात फायदो काय?" तू म्हणालास, "गाडी गेली तर माजी सावली जातली मां रे." त्या उत्तरावर मी कितीतरी दिवस विचार केला. एवढंच कारण असेल, हे मला काही पटलं नाही.

चित्राची गोष्टही तशीच. बाटलीवर काहीतरी हवं होतं. बाकीच्यांच्या बाटल्यांवर रातांब्याचं फळ आणि नारळाचं झाड. दुकानात दहा बाटल्या उभ्या केल्या तर माझी कुठली ते मलाच ओळखता यायचं नाही. तुझ्या ओट्यावर तुझ्या घरची जुनी पोथी पाहिली होती. तुमची पोथी म्हणजे चित्रांचा गठ्ठा, एकेक पान धरून तुम्ही रामायणाची कथा लावायची. त्यात कुंभकर्ण होता, केवढाच्या केवढा, आडवा. मी म्हटलं, हाच दे, हातात सरबताची घागर घालून.

तू काढलास. मी बघितला आणि म्हटलं, "झोपलेलो कित्याक?"

"कुंभकर्ण झोपलेलोच आसता रे. झोपाचा सोडून तो काय करतलो?"

"झोपलेल्याक बघून गिऱ्हायकाक जांभई येतली. माका तहान व्हयी."

"मगे काय, उठवन नाचवू?"

"उठव नको. वायच जागो कर."

तू चित्र परत पुढ्यात ओढलंस. मग ब्रश घेऊन एकच डोळा उघडलास. एक मिटलेला, एक घागरीवर. आपण दोघंही इतके हसलो की सुमनवैनी आतून बाहेर आली. सदा, खरं सांगतो, त्या एका डोळ्यानं माझा माल गोव्यापर्यंत नेला. पोरं दुकानात "कुंभकर्ण द्या" म्हणून मागायला लागली.

पैसे किती, हे विचारायला मी पूर्ण तयारीनं आलो होतो. तू किती सांगशील, मी किती पाडीन, शेवटी कुठे येऊन थांबू, सगळं मनात बसवलेलं. तू म्हणालास, "पोथीतल्या चित्राचे पैशे मी घेणंय नाय. नारळ आणि विडो ठेव." मी भाव पाडायला निघालो होतो आणि समोर दुकानच नव्हतं. नारळ ठेवला, विडा ठेवला आणि मालवणात पोचेपर्यंत स्वतःवर खूश होतो. एवढा मोठा माल, फुकट.

तूच मला त्यात अडकवलंस. पैसे घेतले असतेस तर आज ही पाळी आली नसती.

माझा धंदा मी कसा जपतो, तुला माहीत आहे. जिरं भाजायला एक बाई, मिरी कुटायला दुसरी. मिसळण मी स्वतः करतो, दार लावून. प्रमाण माझ्या बायकोलाही माहीत नाही आणि ती ते अजून मनाला लावून घेते. कामावर येणाऱ्याचा मोबाइल बाहेर टेबलावर. बाटलीवरचं नाव मी सरकारदरबारी नोंदवलं. एजंट म्हणाला होता, चित्रही नोंदवा, त्याची वेगळी फी पडेल. मी त्याला घासून घासून फक्त नावावर आणला आणि त्या आनंदात चहा पाजला. सगळीकडे कुलपं घातली, आणि उघडं राहिलं ते तुझं चित्र.

तारकर्लीच्या रस्त्यावर एका हॉटेलात मासे खायला बसलो होतो. फ्रिजमध्ये माझ्या बाटल्या दिसल्या, बरं वाटलं. मग नाव वाचलं. माझं नव्हतं. घाटावरच्या कुठल्याशा कारखान्याचं. पण तोच कुंभकर्ण, तीच घागर, आणि एक डोळा उघडा. ताटावरून तसाच उठलो, बाटली विकत घेतली आणि थेट तुझ्या ओट्यावर आणून ठेवली. मला वाटलं, तू पेटून उठशील. तू बाटली उजेडात धरलीस, फिरवलीस, आणि म्हणालास, "बरो काढल्यान मेल्यान."

बरो काढल्यान! माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तुझ्या अंगावर धावून गेला असता.

"कोणाक दिलंस तू ह्यां?"

"कोणाक दिवचा? हयसर दिसाक चार माणसां येतत, चित्रां बघतत, फोटो काढतत. मी कोणाकोणाचो हात धरू?"

हे उत्तर होतं की उत्तर टाळणं होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही. तुझ्या बाहुल्यांच्या मांडवावर नवे पत्रे चढलेले मी त्याच दिवशी पाहिले. पैसे कुठून आले ते विचारलं नाही, पण पाहिले.

आधी मी छापखानेवाल्यावर संशय घेतला आणि त्याचं काम काढून घेतलं. मग कुडाळच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चित्रकाराला मोबदला दिल्याचा काही पुरावा?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "एक पैसा दिला नाही!" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पैसे देऊन काढून घेतलं असतंत तर कायदा ते चित्र तुमचं धरून चालला असता. फुकट काढून दिलं, म्हणजे ते काढणाऱ्याचं. त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचं. नाव त्यानं वेगळं घातलंय, त्यावरून भांडता येणार नाही; बाटली हुबेहूब आहे म्हणून भांडता येईल, पण चित्रावर आपला हक्क सांगायचा तर त्यांची सही आणा.

आयुष्यात एकच गोष्ट फुकट घेतली, सदा. एकच.

कागद घेऊन आलो तेव्हा उन्हाचा कडाका होता. तू रंग खलत बसला होतास. मी वाचून दाखवलं, तू ऐकलंस आणि ब्रश धुवायला लागलास.

"सही कर."

"विकूक ता माझा नाय रे. माझ्या आज्याचाव नाय. पोथीतला पान फाटला तर आमी पाण्यात सोडतंव, बाजारात न्हेणंव नाय."

"पोथीतल्या कुंभकर्णाचे दोनूय डोळे मिटलेले आसत. हो वेगळो."

"व्हय तर. डोळो तुझो, कुंभकर्ण पोथीचो, हात माझो. कागदार कोणाचा नाव घालतलंस?"

"डोळो माझो मां? मगे डोळ्यापुरती तरी सही कर!"

तू इतका हसलास की तुला खोकला आला. मला हसू आलं नाही. तू म्हणालास, नवरात्रात ये, पोथी बाहेर काढू तेव्हा तिलाच विचारू. मी म्हटलं, "पोथी सही करतली काय?" तू ब्रश झटकत राहिलास. तुझ्या असल्या वागण्यानं माझं डोकं फिरतं, हे तुला पंचवीस वेळा सांगितलं होतं. नवरात्र किती लांब होतं! तोवर त्या माणसाच्या बाटल्या साऱ्या किनाऱ्यावर पसरल्या असत्या. मला वाटलं, तू वेळ काढतोयस. कोणासाठी काढतोयस? मी ती बाटली तुझ्या चटईवर आपटली आणि म्हटलं, "तू माका विकलंस."

तू वर बघितलंस. रागावला नाहीस. रागावला असतास तर मला काहीतरी कळलं असतं. "पाणी पी," म्हणालास, "आणि ऊन उतारल्यार जा."

मी पाणी न पिता गेलो.

त्यानंतर तुझा फोन आला होता. रातांब्याचा हंगाम ऐन भरात, शेडमध्ये टोपल्यांवर टोपल्या. स्क्रीनवर तुझं नाव बघितलं आणि उचलला नाही. सौद्यात पहिला फोन उचलायचा नसतो. समोरच्याची गरज किती आहे ते दुसऱ्या फोनवर कळतं. मी दुसऱ्याची वाट बघत बसलो. तू परत करायला हवा होतास, सदा. एकदाच फोन करून कोणी थांबतं का? दुसरा आला तो तुझ्या पुतण्याचा, आणि तो सौद्याचा नव्हता.

बारावं झाल्यावर पहिल्या रविवारी मी पुन्हा पिंगुळीला गेलो. तुझी जागा तशीच होती, रंगांच्या करवंट्या भिंतीला लावून ठेवलेल्या. वैनीनं पाणी आणलं. या खेपेला प्यायलो. कुठून सुरुवात करायची ते ठरवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "कागद काडा भायर. बाराव्याक पिशयेत होतो तोच मां? नारळ काडताना बघलंय मी."

मी काढला. तुझ्यामागे सही तिचीच लागणार होती. तिनं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग मी मला विचारायचं होतं ते विचारलं. घाटावरचा माणूस इथे आला होता का?

"इल्लो तर. तुमी बाटली आपटून गेलास, तेच्या मागसून. शाल घेवन इल्लो, नारळ घेवन इल्लो. सत्कार करतंय म्हणालो. आणि तुमच्यासारखोच येक कागद."

मी पेला खाली ठेवला. "सही केली?"

"ह्येनी तेच्या पाठल्या बाजूर रंग लावन बघल्यानी. नंतर मी तो चुलीत घातलंय."

मी व्यापारी माणूस आहे. जो माल आधीच विकत घेतला, त्याची सही मागायला कोणी शाल घेऊन दारात येत नाही. म्हणजे तू त्याला विकलं नव्हतंस. निदान कागदावर नव्हतंस. फुकट दिलं असशील, माझ्यासारखंच, नारळ-विड्यावर, तर ते मला कधीच कळणार नाही. तो चुलीत गेलेला कागदही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेलं मी मानत नाही. पत्र्यांचंही मी अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

फोनचं मात्र विचारलं. कशासाठी केला होता?

"काय ठावक! तुमी उचलूक नाय. ह्येनी फोन खाली ठेवल्यानी नि हसाक लागले. म्हणाले, दत्तो भाव वाढयता."

मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. माडाच्या शेंड्याकडे बघत होतो, असं समज. परत आत आलो तेव्हा वैनी कागदावर बोट ठेवून बसली होती.

"ह्यात कायमचो विकलो म्हणान लिवलाहा. तां नाय. विकूचो नाय तो. तुमी वापरा. तुमच्याबगर दुसऱ्या कोणी बाटलेर लावचो नाय, ह्यां मी लिवन देतंय. पण कुंभकर्ण आमच्याकडे ऱ्हवतलो. उद्या आमच्यातल्या कोणी पोथयेत काढलो तर तुमी नोटीस धाडूची नाय."

"आणि बाटलीवर काढला तर?"

"बाटली तुमची. पोथी आमची."

मी तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, चालेल, एकट्यालाच वापरायचा हक्क असा कागद झाला तरी दावा उभा राहतो. एवढी सोपी गोष्ट! तू नुसतं "विकणार नाही" म्हणालास. "वापर" म्हणाला असतास तर मी तुझ्या अंगणात एवढा घसा कशाला फोडला असता? कदाचित तेच सांगायला फोन केला असशील. कदाचित कोकम संपलं म्हणून केला असशील. आता मी काय ते ठरवायचं, आणि माझ्या ठरवण्यावर माझाच विश्वास नाही.

"आणि येक," वैनी म्हणाली. "ह्यांचा नाव व्हया बाटलेर."

"घालतो. खाली, बारीक अक्षरात."

"बारीक कित्याक? तुमचा केवढा आसा तां बघलंय मी."

मी तिला समजावलं की लेबलवर जागा नसते. घटक लिहायचे, वजन लिहायचं, परवान्याचा नंबर लिहायचा, तारीख लिहायची. ती म्हणाली, घागर वायच लहान करा. मी म्हटलं, एक ओळ देतो: चित्र, सदाशिव, पिंगुळी. ती म्हणाली, दोन ओळी. दुसरीत चित्रकथी लिहायचं, नाहीतर लोकांना वाटेल कोणी बोर्ड रंगवणारा होता. मी म्हटलं, वैनी, हे तुम्हाला सदानं शिकवलं. तर म्हणते, "ह्येनी? ह्येंका कधी भाव करूक येय होतो? तुमी इतकी वर्सां ओट्यार बसान भांडत होतास, मी आत भाकऱ्यो भाजत होतंय. माका कान नाय काय?"

त्यालाही आता काही रविवार झाले. दर रविवारी मी मालवणहून निघतो, वाटेत तिच्यासाठी बाजारातून काहीतरी घेतो, तुझ्या ओट्यावर बसतो आणि एका ओळीवर अडून राहतो. ती दोनावरून हलत नाही. वकीलबाई चिडल्या आहेत. म्हणतात, बाटलीवरून लावलेल्या दाव्याची सुनावणी जवळ आली, तो माणूस नवीन बाटली काढतोय, आणि तुम्ही एका ओळीसाठी सगळा दावा घालवणार आहात. त्यांना वाटतं, मी कंजूष आहे. ओळीला काय पडतं? शाईचा एक थेंब. पण कागद झाला की पिंगुळीला यायचं मला दुसरं काय काम, ते मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या रविवारी मात्र मी ठरवूनच निघालो. आज दोन ओळींना हो म्हणायचं, सही घ्यायची, मोकळं व्हायचं. वैनीनं कागद समोर ठेवला, पेन ठेवलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "दीड ओळ."

दीड ओळ म्हणजे किती, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. वैनीनं चष्मा काढला आणि पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बरां," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून माझ्याच हातात परत दिली. "आज ठरवया नको. फुडल्या आयतवारी येवा. पेजेच्या वेळार येवा, जेवन जावा."

सदा, तिला कळलंय, असा मला संशय आहे.